गॅरेजमध्ये बसायचं नाही

शनिवार, ७ जुलै २००७

ग्रॅमला आज गप्प केला. ऑक्टोबरात कम्युनिटी बोर्डाची, म्हणजे कौन्सिलच्या हाताखालच्या स्थानिक समितीची, निवडणूक आहे, आणि आमच्या बॉटनी उपनगरातल्या रहिवासी आघाडीनं ठरवलंय की प्रत्येक वस्तीनं आपला एक उमेदवार सुचवायचा. कसा सुचवायचा यावर ग्रॅमचं म्हणणं, खोका ठेवू, चिठ्ठ्या टाकू. "सीक्रेट बॅलट, मेट. इझी." ग्रॅम आघाडीचा चिटणीस आहे. पस्तीस वर्षं प्लंबिंग केल्यामुळे जगातलं सगळं बंद नळीतूनच गेलं पाहिजे असं त्याला वाटतं.

मी उभा राहून बोललो. अमेरिकेत आयोवा नावाचं मक्याचं राज्य आहे. तिथं उमेदवार ठरवायला शेजारीपाजारी शाळेत, चर्चमध्ये नाहीतर कुणाच्या घरी जमतात आणि ज्याला पाठिंबा असेल त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. सगळ्यांदेखत. मध्ये एकमेकांची समजूत काढायला वेळ मिळतो. ज्याच्यामागे पुरेशी माणसं नसतील त्याचा गट मोडतो आणि त्यातल्या लोकांनी दुसरा कोपरा धरायचा. चिठ्ठी टाकणारा नुसती निवड करतो, उभा राहणारा ती निभावतो. हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं, पण आयत्या वेळी सुचल्यासारखं म्हटलं. टाळ्या पडल्या. आमच्या वस्तीपुरती पद्धत मंजूर. नाव मीच दिलं: आळीसभा. जागा आमचं गॅरेज, अध्यक्ष मी.

येताना गाडीत सुनीती म्हणाली, "म्हणजे कोण कुणाच्या बाजूला ते सगळ्यांना दिसणार."

"तेच तर!"

"तेच तर म्हणतेय मी."

बायकोला आपलं म्हणणं पटलं की बरं वाटतं.

गुरुवार, १२ जुलै

दोन नावं आली. हरीश आणि काशिनाथ.

हरीश म्हणजे वृद्धाश्रमवाला. इथं त्याला रेस्ट होम म्हणतात, कारण तिथं म्हाताऱ्यांना सोडून बाकीच्यांना विश्रांती मिळते. आमच्या वस्तीत भारतातून नवी आलेली जवळजवळ प्रत्येक बाई कधी ना कधी तिथं कामाला होती किंवा आहे. कुणाचा भाचा, कुणाची जाऊ, कुणाचा मेव्हणा. व्हिसासाठी नोकरीचं पत्र लागलं की हरीश देतो. माणूस मदतीला तत्पर. त्याला बोर्डावर कशाला जायचंय ते त्यालाही नीट सांगता येत नाही. "सुरक्षा," म्हणतो. कॅमेरे बसवायचेत.

काशिनाथला काय हवंय ते मात्र वस्तीतल्या कुत्र्यांनाही पाठ आहे. डेअरीसमोरच्या (इथं कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला डेअरी म्हणतात) बसथांब्यापाशी पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग. तो बस चालवतो. मे महिन्यात आपल्या वस्तीतले बाळकाका त्याच्याच बसमधून उतरले, बसच्या मागून रस्ता ओलांडायला गेले आणि पलीकडून येणाऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. खुबा गेला. काशिनाथची चूक नाही असा अहवालही आला. पण तेव्हापासून हा माणूस सुट्टीच्या दिवशी थांब्यावर वही घेऊन बसतो आणि किती म्हातारे, किती पोरं, किती बाबागाड्या रस्ता ओलांडतात ते लिहितो. कौन्सिलला त्यानं अकरा पत्रं पाठवली. आता म्हणतो, बोर्डात बसल्याशिवाय कुणी ऐकणार नाही.

इथं नमूद करून ठेवतो की मी आणि काशिनाथ पिंपरीला एकाच कारखान्यात होतो. तो ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख, मी ज्युनियर. १९८६ च्या सप्टेंबरात, एका मंगळवारी, माझ्या ड्रॉइंगमध्ये दोन मापं चुकली म्हणून त्यानं मला सगळ्यांसमोर टेबलाशी उभं ठेवून ते पुन्हा काढायला लावलं. साडेतीन तास. अकरा माणसं होती. मी ते कधीच विसरून गेलो. इथं आल्यावर मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, त्याची पदवी कुणी विचारली नाही. पहिल्या वर्षी तो मला 'तू' म्हणायचा. बस चालवायला लागल्यावर आपणहून 'तुम्ही' म्हणू लागला. मी काही सुचवलं नव्हतं.

गुरुवार, १९ जुलै

नियम टाइप केले. एक पान.

गट टिकायला किमान एक पंचमांश माणसं हवीत. समजूत काढायला पाच मिनिटं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: गॅरेजमध्ये बसायचं नाही. जो आला तो कुठल्या तरी कोपऱ्यात उभा राहीलच. तटस्थ, आजारी, चहा करायला गेलेला, असले प्रकार नाहीत. आपल्या लोकांची खोड मला माहीत आहे. तोंडावर नाही म्हणणं आपल्या रक्तात नाही. काशिनाथ दारोदार फिरला. प्रत्येकानं त्याला चहा पाजून "तुम्हालाच, काशिनाथराव, तुम्हालाच" म्हटलं. हरीश दुसऱ्या दिवशी गेला, त्यालाही "तुम्हालाच". खोका ठेवला असता तर या दुटप्पीपणाला मखर मिळालं असतं.

मोजणी सुनीतीकडे दिली. मोजणाऱ्याला तटस्थ राहावं लागतं, म्हणजे तिला मत नाही. ती म्हणाली, "मला काशिनाथना द्यायचं होतं."

"मग तर तूच योग्य. निःपक्षपातीपणा म्हणजे मन मारणंच की."

हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करून तिच्यात एक सवय आलीय. समोरच्याकडे चष्म्यावरून असं बघायचं, जणू त्यानं डोस चुकवलाय.

रविवार, २२ जुलै

बाळकाकांना बघायला हरीशच्या रेस्ट होममध्ये गेलो. काशिनाथची बायको मंदा तिथंच कामाला आहे, काकांना भरवत होती. काकांनी विचारलं, "क्रॉसिंग झालं का रे?" ते रोजच विचारतात म्हणे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मंदावहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, सभेच्या दिवशी मी आत भजी तळत बसले तर चालेल का? सगळ्यांचं खाणं मी करते. कांदाभजी, बटाटावडे, काय म्हणाल ते."

"बाहेर या की. तुमच्या घरचाच उमेदवार आहे."

"म्हणूनच हो." मग आजूबाजूला बघून, "अभिषेकच्या रेसिडेन्सीला नोकरीचं पत्र लागतंय. ऑगस्टात द्यायचंय." अभिषेक म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, इथं कायम राहण्याचा परवाना मिळवायच्या खटपटीत. तोही तिथंच कामाला आहे.

मी म्हटलं, "वहिनी, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते."

रात्री थोडं अस्वस्थ वाटलं. एका बाईनं भजी तळली असती तर लोकशाही कोसळली नसती, असंही मनात आलं. पण तत्त्व असंच घासतं. नव्या चपलेसारखं. म्हणून कुणी चप्पल फेकत नाही.

रविवार, २९ जुलै

आजचा दिवस सविस्तर लिहितो, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

दुपारी तीनला, आम्हा दोघांना सोडून, चौतीस माणसं. बूट-चपला घराच्या दाराशी, मग स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये. इथं जुलै म्हणजे ऐन हिवाळा, गॅरेजात गारठा होता. कोपरे मी अकारविल्हे दिले, म्हणजे काशिनाथला आधीचा. तो शटरपाशी येतो, आणि पावभाजीच्या तव्याचा धूर जायला शटर अर्धं उघडं ठेवावं लागलं. हरीशच्या वाट्याला आतला कोपरा आला. तिथं हीटर होता, आणि हरीशनं आणलेल्या पावभाजीचं टेबलही तिथंच बसत होतं. याला कुणाचाच इलाज नव्हता.

दोघांनी भाषणं केली. हरीशनं दोन मिनिटांत आटोपलं. "मी तुमचाच आहे. कुणाला काही लागलं तर माझं दार उघडं असतं, हे वेगळं सांगायला नको." काशिनाथनं वही काढली आणि आकडे वाचले. जूनमधल्या चार रविवारी किती जणांनी रस्ता ओलांडला, त्यातले पासष्टीपुढचे किती. लोक पावभाजीकडे बघत होते. शेवटी तो म्हणाला, "बाळकाका उतरताना मला थँक्यू म्हणाले होते. मी आरशात बघायला हवं होतं. बस एवढंच." आणि बसायला खुर्ची शोधू लागला. खुर्च्या मी आधीच हलवून ठेवल्या होत्या.

"चला, कोपरे!" मी म्हटलं.

कुणीच हलेना. चौतीस मराठी माणसं गॅरेजच्या मधोमध, बुफेत पहिली ताटली कुणी उचलायची असा चेहरा करून. मग हरीश हीटरकडे गेला आणि त्याच्यामागे सावकाश एकेक जण. सुनीतीनं मोजलं: हरीश पंचवीस, काशिनाथ नऊ. नवात काशिनाथ आणि मंदावहिनी. गट टिकायला सात हवेत, म्हणजे काशिनाथ टिकला होता. मला, खरं लिहायचं तर, जरा चिडल्यासारखं झालं. का ते कळलं नाही.

मग समजुतीची पाच मिनिटं. ही या पद्धतीची सगळ्यात सुंदर गोष्ट. माणूस माणसाशी बोलतो. हरीश हातात डिश घेऊन शटरपाशी आला. आवाज चढवला नाही की कुणाला दटावलं नाही. एकाला म्हणाला, "पुतणी रुजू कधी होतेय?" दुसऱ्याला, "रात्रीची ड्यूटी बदलून हवी होती ना, बघतो." मंदावहिनींना म्हणाला, "थंडीत कशाला उभ्या राहता, वहिनी? इकडे या, गरम आहे. अन् हो, अभिषेकचं पत्र मी सोमवारी करतोय. आठवण करा."

मंदावहिनींनी काशिनाथकडे बघितलं. काशिनाथनं वहीकडे.

त्या माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, पाच मिनिटं आत जाऊ द्या. नुसतं पाणी प्यायला."

"मोजणीनंतर, वहिनी."

"मला उभं राहवत नाहीये."

"कुठल्याही एका बाजूला उभं राहा. स्वातंत्र्य आहे."

त्या हीटरकडे गेल्या. चालत गेल्या, कुणी ओढून नेलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. बाई स्वतःच्या नवऱ्याच्या विरोधात, भर गॅरेजात, आपलं मत घेऊन उभी राहिली. असं दृश्य चिठ्ठीच्या खोक्यात कुठून दिसणार!

दुसरी मोजणी. सुनीती आकडा सांगेना. "सांग," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुला दिसतंय."

"नोंद तोंडी व्हायला हवी."

"एकतीस," ती म्हणाली. "आणि तीन."

नियमानुसार गट मोडला. उरलेले दोघं सुटका झाल्यासारखे पावभाजीकडे पळाले. काशिनाथ तिथंच.

मी म्हटलं, "काशिनाथराव, गट मोडला की गटातल्या सगळ्यांनी दुसरीकडे जायचं असतं. म्हणजे निवड एकमतानं होते."

"मीसुद्धा?"

"नियम सगळ्यांना सारखा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी पण बघितलं. एकवीस वर्षांपूर्वी मी खाली बघितलं होतं.

"किती वेळ उभं ठेवणार आहेस, सुधाकर?" तो म्हणाला. एकेरीत. सर्वांदेखत. मला वाटतं पराभवामुळे त्याचा तोल गेला.

मग वाकून तो अर्ध्या उघड्या शटरखालून बाहेर पडला. बूट घराच्या दाराशी होते. नुसत्या मोज्यांवर, भुरभुर पावसात, ड्राइव्हवेवरून रस्त्याला लागला. कुणीतरी हसलं. मंदावहिनी हीटरच्या कोपऱ्यातून निघून बूट घ्यायला धावल्या आणि ते छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या, बाहेर गेल्या नाहीत.

मी हरीशचं नाव एकमतानं जाहीर केलं. पावभाजी उत्तम होती.

मंगळवार, ३१ जुलै

अभिषेकचं पत्र काल झालं असं हरीशनं फोनवर सांगितलं. बघा, माणूस शब्दाचा पक्का.

सोमवार, २७ ऑगस्ट

गुरुवारी संध्याकाळी काशिनाथ दारात. युनिफॉर्ममध्येच. हातात निवडणुकीचा अर्ज. अपक्ष उभं राहायचं म्हणे. कायद्यानं त्या भागातल्या दोन मतदारांनी नाव सुचवून सही करावी लागते. एक सही होती, समोरच्या जॉइसची. जॉइस ब्याऐंशी वर्षांची आहे आणि त्याच्या बसनं ग्रंथालयात जाते. दुसरी मिळत नव्हती. सतरा घरं झाली होती. सगळ्यांनी चहा दिला होता.

"उद्या बारापर्यंत मुदत आहे," तो म्हणाला. पुन्हा 'तुम्ही'वर आला होता. "तुमची एक सही द्या. मत कुणालाही द्या, मी विचारणार नाही."

"आळीसभेनं निर्णय घेतलाय, काशिनाथराव. ती मीच चालवली. आता मीच मागल्या दारानं दुसऱ्याला उभा केला तर लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याशी वेगळं बोलतात."

"म्हणून तर त्यांना उभं करावं लागतं."

तो थोडा वेळ पायपुसण्यावर उभा राहिला. मी आत या म्हटलं नाही, कारण मग चहा आला असता. जाताना त्यानं अर्ज घडी न करता, सरळ धरून नेला. जणू अजून कुणी सही करणार होतं.

सुनीतीची दुपारपाळी होती. तिला मी मुदत संपल्यावर शुक्रवारी रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मी केली असती सही. फोन का नाही केलास?"

"तू विचारलं नाहीस."

"काय विचारणार होते मी? आज आपल्या दारात कुणी भीक मागितली का, असं?"

तेव्हापासून ती लेकीच्या जुन्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यामुळे. तसं ती म्हणाली नाही, पण दुसरं कारण दिसत नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

हरीश निवडून आला. टपालानं मतदान, लिफाफ्यात, गुप्त. आणि तरीही आळीसभेचाच माणूस आला. ग्रॅमला फोन करून हे ऐकवलं. तो म्हणाला, "युअर अदर ब्लोक वॉझन्ट ऑन द पेपर, मेट." दुसरा माणूस मतपत्रिकेवर नव्हताच, म्हणे. प्लंबरशी तात्त्विक वाद घालण्यात अर्थ नाही.

एक नोंद. माझी मतपत्रिका मी भरलीच नाही. टेबलावर तीन आठवडे पडून होती. हरीशच्या नावापुढे खूण करायला पेन उचललं की कंटाळा यायचा.

शनिवार, २० ऑक्टोबर

काशिनाथ हॅमिल्टनला चालला. रोटोटुनाकडच्या मार्गावर बसची नोकरी मिळालीय. वस्तीनं निरोपाचा चहा ठेवला, आमच्याच गॅरेजमध्ये. या वेळी खुर्च्या मांडल्या होत्या. उत्सवमूर्ती आली नाही. मंदावहिनी एकट्या आल्या. त्या जाणार नाहीत. अभिषेकचे कागद अजून अडकलेत, आणि तोपर्यंत हरीशकडची नोकरी सोडता येत नाही. "मग पुढे?" कुणीतरी विचारलं. "पुढचं पुढे," म्हणाल्या. काशिनाथनं जुलैपासून त्यांच्याशी चकार शब्द बोललेला नाही, असं सुनीतीकडून कळलं. किती खुनशी असतात काही माणसं.

क्रॉसिंगचं हरीशनं बोर्डावरच्या लोकांशी बोलून बघितलं. त्यांचं मत, आधी कॅमेरा. म्हणजे पुढच्या वेळी कुणी पडलं तर नीट दिसेल.

आज एक गंमत झाली. चहाच्या वेळी एकेक जण मला बाजूला घेऊन कानात सांगत होता, "खरं म्हणजे मला काशिनाथलाच द्यायचं होतं हो. पण तिथं सगळ्यांसमोर, तुम्हाला तर माहीतच आहे." मी मनात मोजत गेलो. घरी येऊन पुन्हा मोजलं. बावीस. चौतिसांतले बावीस!

ग्रॅमचा खोका ठेवला असता तर काशिनाथ सहज आला असता. सगळ्यांनी हरीशला शब्द देऊन, त्याची पत्रं घेऊन, त्याची पावभाजी खाऊन, चोरून काशिनाथला निवडलं असतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं. केवढ्या ढोंगातून वाचवलं मी या वस्तीला! माझ्या पद्धतीची याहून चांगली वकिली मला सुचणार नाही. हे आकडे ग्रॅमच्या तोंडावर फेकले पाहिजेत.

रविवार, २८ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख पूर्ण केला. 'आळीसभा: एक प्रयोग'. एरवी माझं सदर विनोदी असतं, पण हा गंभीर आहे. बावीसचा आकडा घातलाय, नावं अर्थात नाहीत. शेवट मंदावहिनींवर केलाय. नवऱ्याच्या सावलीतून बाहेर येऊन स्वतःच्या मतावर उभी राहिलेली स्त्री. संपादकांना फार आवडला, म्हणाले, सोबत फोटो हवा.

सुनीतीला वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला, चष्मा काढला आणि पुसत बसली. मग म्हणाली, "हा छापू नकोस."

"का?"

"एकदा तरी, सुधाकर, मी का म्हणतेय ते तू सांग." आणि प्रवासाची बॅग भरायला गेली. दोन आठवडे अवोन्डेलला मैत्रिणीकडे राहणार आहे. तिथल्या रविवारच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते म्हणून असेल.

दुपारी कॅमेरा घेऊन रेस्ट होममध्ये गेलो. मंदावहिनी निळ्या गणवेशात बाळकाकांची चाकाची खुर्ची ढकलत होत्या. काकांनी मला विचारलं, क्रॉसिंग झालं का. मी म्हटलं, होईल. लेखाचं सांगितल्यावर वहिनी नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण काही म्हणाल्या नाहीत. मागून हरीश आला, म्हणाला, "अरे वा, फोटो! काढा की, आमच्या होमचंही नाव येऊ द्या." वहिनींनी खुर्चीचा ब्रेक लावला, ओले हात गणवेशाला पुसले, केस मागे सारले आणि माझ्याकडे वळल्या.

"कुठं उभी राहू, भाऊजी," म्हणाल्या, "ते सांगा."

मी त्यांना हरीशच्या शेजारी उभं केलं. उजेड तिथंच चांगला होता.